आमवाताची औषधं चालू आहेत: बोटॉक्स करावं, फिलर करावं, की थांबावं?

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टसमोर (आमवाताच्या डॉक्टरांसमोर) सांधे, सकाळचा ताठरपणा, रक्ताचे रिपोर्ट यांबद्दल सगळं बोलून होतं. पण "डॉक्टर, कपाळावरच्या आठ्यांसाठी बोटॉक्स करायचंय, चालेल का?" हा प्रश्न ओठांवर येऊन परत जातो. एवढा आजार अंगावर असताना हिला चेहऱ्याचं पडलंय, असं त्यांना वाटेल ही भीती. मग स्किन क्लिनिकच्या फॉर्मवर 'चालू औषधे' या रकान्यात थायरॉइडची गोळी तेवढी लिहिली जाते. आमवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची, म्हणून ती आठवत नाही. दोन आठवड्यांनी पोटावर घ्यायचं इंजेक्शन तर औषधांत मोजलंच जात नाही. हा अर्धवट भरलेला रकाना मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. सांधे दुखतात म्हणून नीटनेटकं दिसायची हौस संपत नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. तेव्हा दोन्ही डॉक्टरांना सगळं सांगा, आणि मग निवड करा.

निवड करायची म्हणजे कशातून? 'चेहऱ्याची इंजेक्शनं' या एका नावाखाली एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या चार-पाच गोष्टी येतात. आमवात असलेल्यांनी त्यांना आधी एक कसोटी लावावी असं माझं ठाम मत आहे: काही बिनसलं तर टोचलेलं परत काढता येतं का, किंवा ते आपोआप जातं का? आपली रोगप्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या सांध्यांवर उलटलेली आहे, आणि तिला आवरायला औषधं चालू आहेत. अशा अंगात कायमचं काही ठेवून देण्यापूर्वी दहा वेळा विचार करायला हवा.

बोटॉक्स: थोड्या मुदतीचं, म्हणून सोपं

बोटॉक्समधलं बोट्युलिनम टॉक्सिन हे प्रथिन मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं, स्नायू सैल पडतो आणि आठी मावळते. भुवयांमधल्या आठ्यांसाठी एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने बोटॉक्सला 2002 मध्ये परवानगी दिली, आणि त्या जागेचा ठरलेला डोस 20 युनिट आहे. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पुरता येतो आणि साधारण तीन-चार महिन्यांत ओसरतो. एखादी पापणी जरा खाली आली तरी ती काही आठवड्यांत सावरते. चेहऱ्यात गोळा होऊन राहील असं काही मागे उरत नाही. मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलॅझिन, लेफ्लुनोमाइड या आमवाताच्या गोळ्या किंवा बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भागच अडवणारी) इंजेक्शनं बोटॉक्सच्या कामात थेट ढवळाढवळ करत नाहीत.

एचसीक्यूचं (हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं) मात्र थोडं वेगळं आहे. मलेरियाच्या क्लोरोक्विनच्या कुळातलं हे औषध. झिओमिन या बोट्युलिनम टॉक्सिनच्या युरोपातल्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे की या कुळातल्या औषधांनी टॉक्सिनचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणजे एचसीक्यूवर असताना आठी पुरती गेली नाही, तर लगेच "डोस वाढवा" म्हणू नका. आधी क्लिनिकला हे औषध सांगा. उलट अमिकॅसिन, जेंटामायसिन यांसारख्या अँटिबायोटिकची इंजेक्शनं नुकतीच झाली असतील तर टॉक्सिनचा जोर वाढू शकतो.

दुसरी अडचण डोळ्यांची. आमवाताबरोबर अनेकांना शोग्रेन सिंड्रोम असतो, डोळे आणि तोंड कोरडं पडतं. डोळ्यांभोवती टॉक्सिन दिलं की पापणी मिटण्याची ताकद किंचित कमी होते, आणि कोरडे डोळे आणखी चुरचुरतात. दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालावे लागत असतील तर कपाळापर्यंतच थांबावं. मानेवरच्या पट्ट्यांसाठीचं बोटॉक्स मी आमवातात सुचवणार नाही. गिळायला त्रास होण्याची शक्यता तिथे असते, आणि जुन्या आमवातात मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. तसं असेल तर खुर्चीत मान मागे टाकून बसवण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा. मान आधाराशिवाय मागे झुकवू देऊ नका.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकवणारा आजार) असेल किंवा गर्भारपण असेल तर हा विषय सोडून द्यावा.

फिलर: इथे नीट थांबून विचार करा

फिलर म्हणजे जागा भरणं. बहुतेक ठिकाणी हायलुरोनिक अ‍ॅसिडचं जेल वापरतात. 2003 मध्ये एफडीएची परवानगी मिळालेलं रेस्टिलेन आणि नंतर आलेलं जुविडर्म ही त्यातली ओळखीची नावं. सहा महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत ते टिकतं. त्याचा मोठा गुण म्हणजे हायलुरोनिडेझ नावाचं एन्झाइम टोचलं की ते विरघळतं. आमवातात फिलर करायचंच असेल तर याच कारणासाठी हेच.

पण बोटॉक्सइतकं ते निर्धोक समजू नका. जुविडर्मच्या माहितीपत्रकातच म्हटलं आहे की रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत ते जपून वापरावं. कारण सरळ आहे. बाहेरची वस्तू महिनोन्‌महिने त्वचेखाली राहणार, आणि तिच्याभोवती जंतूंनी थर धरला तर तो ओळखून मोडून काढण्याचं काम ज्या पेशींचं, त्यांनाच आपण औषधाने शांत केलेलं असतं. जेल टोचून कित्येक महिने झाल्यावरही दात दुखला, सर्दी-ताप आला किंवा लस घेतली की फिलरची जागा सुजल्याची उदाहरणं आहेत. 2020 च्या डिसेंबरमध्ये मॉडर्नाच्या कोविड लशीची तपासणी करताना एफडीएने अशा तीन व्यक्तींची नोंद घेतली होती, ज्यांनी आधी फिलर केलं होतं आणि लशीनंतर त्यांचा चेहरा किंवा ओठ सुजले. आमवाताच्या रुग्णांना फ्लू, न्यूमोनिया, नागीण यांच्या लशी आवर्जून सांगितल्या जातात, शिवाय हिरड्यांचा आजारही या आजारात बऱ्याचदा बरोबर असतो. म्हणून लस आणि दातांची कामं आधी उरकावीत, आणि फिलर त्यांच्यापासून निदान दोन आठवडे लांब ठेवावं.

उशिरा आलेली गाठ आमवाताच्या माणसाला जास्त गोंधळात टाकते. ती फिलरची आहे, जंतूंची आहे, की आमवाताचीच? मेथोट्रेक्सेटवर काही जणांना आमवाताच्या गाठी वाढतात. अ‍ॅडॅलिम्युमॅब, एटानरसेप्ट यांसारख्या बायोलॉजिक औषधांवर जंतुसंसर्गाच्या खुणाही मवाळ असतात, ताप नसतो, लाली कमी असते. टोसिलिझुमॅब या बायोलॉजिकवर तर सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा आकडा) सहसा वाढतच नाही, म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे" यावर भिस्त ठेवता येत नाही. गाठ आली की फोटोवरून निदान करून घेऊ नका, डॉक्टरांना समोर बसून दाखवा. क्षयरोगाच्या जंतूचे भाऊबंद असलेले अ‍ॅटिपिकल मायकोबॅक्टेरिया अशा गाठींत सापडतात, आणि ते साध्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) सहज दिसत नाहीत.

आणि मग गाठीवर अँटिबायोटिक लिहून दिलं जातं. इथे प्रत्येकाने कान टवकारावेत. मेथोट्रेक्सेटवर असताना को-ट्रायमॉक्साझोल घेतलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. फिलरच्या संसर्गात क्लॅरिथ्रोमायसिन बऱ्याचदा देतात, ते टोफासिटिनिब या आमवाताच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. म्हणून स्किन क्लिनिकने दिलेली चिठ्ठी औषधाच्या दुकानात नेण्यापूर्वी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. रविवार असला तरी पाठवा.

फिलरमधला सगळ्यात गंभीर धोका आमवात असो-नसो, सगळ्यांना सारखाच आहे: जेल रक्तवाहिनीत गेलं तर ती बंद होते. सुई असतानाच किंवा थोड्या वेळाने त्वचेचा तेवढा तुकडा पांढरा पडतो, मग त्यावर जाळीसारखी निळसर नक्षी उमटते, दुखतं. बोटाने दाबून सोडल्यावर रंग परत यायला वेळ लागतो. नाकाजवळ, भुवयांमध्ये असं झालं तर दृष्टी जाऊ शकते. तेव्हा हायलुरोनिडेझ त्याच मिनिटाला लागतं. "तुमच्याकडे हायलुरोनिडेझ आत्ता फ्रीजमध्ये आहे का?" हे पैसे भरायच्या आधी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर चप्पल घालून निघा.

जे परत काढता येत नाही

कॅल्शियम हायड्रॉक्सिलापॅटाइटचं रेडिएस आणि पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिडचं स्कल्प्ट्रा ही दुसरी जात. स्कल्प्ट्रा तर मुद्दाम सौम्य दाह निर्माण करतं आणि त्यातून नवं कोलॅजन तयार होतं. आमवात म्हणजे दाहाचाच आजार, आणि औषधं तो दाह दाबायला घेतलेली. गाठ आली तर विरघळवायला इथे एन्झाइम नाही. पीएमएमए या प्लास्टिकचं कायमचं फिलर याही पुढचं. माझ्या मते आमवात असलेल्यांनी ही तिन्ही टाळावीत.

हातांच्या पाठीवर शिरा दिसतात, कातडी सैल पडते, म्हणून रेडिएस हातांसाठीही देतात, आणि आमवातात माणसाचं लक्ष आधी हातांकडेच जातं. पण त्याच्या माहितीपत्रकात हातावर परिणाम करणारे ऑटोइम्यून आजार आणि स्नायुबंध तुटण्याचा धोका असलेल्यांबाबत जपून राहायला सांगितलं आहे. शिवाय हे कण कॅल्शियमचे, एक्स-रेवर दिसू शकतात. ज्या हाताच्या एक्स-रेवरून झीज किती झाली हे दर काही वर्षांनी मोजायचं, त्याच हातात पांढरे ठिपके भरून ठेवण्यात काय अर्थ?

पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट. परकी वस्तू नाही, पण सुया आणि नळ्या निर्जंतुक नसतील तर काय होतं ते अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या अल्बुकर्कीच्या एका विनापरवाना स्पाने दाखवलं. तिथे पीआरपी फेशियल घेतलेल्या ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचा अहवाल सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने 2024 मध्ये दिला. पार्लरमध्ये तर हे कधीच नको. रंग उजळण्यासाठीच्या ग्लुटाथायोनच्या सलाईनला एफडीएची मान्यता नाही. मेथोट्रेक्सेटमुळे आधीच दर काही महिन्यांनी यकृत तपासावं लागतं, तिथे ही भर मला मुळीच पटत नाही.

औषध थांबवायचं का?

स्किन क्लिनिकमध्ये बऱ्याचदा सहज सांगितलं जातं, "दोन आठवडे मेथोट्रेक्सेट बंद ठेवा, मग या." हे आपल्या मनाने करू नका. 2022 च्या अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या मार्गदर्शक सूचना गुडघा किंवा खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आहेत. तिथेसुद्धा मेथोट्रेक्सेट, एचसीक्यू, सल्फासॅलॅझिन, लेफ्लुनोमाइड चालू ठेवायला सांगितलं आहे. टोफासिटिनिबसारखी औषधं तीन दिवस आधी थांबवतात, आणि बायोलॉजिकच्या बाबतीत शस्त्रक्रिया पुढच्या डोसच्या वेळेच्या आसपास ठेवतात. हाड कापायच्या शस्त्रक्रियेत जी गोळी चालते, ती चार टोचण्यांसाठी बंद करून सांधे भडकवून घ्यायचे? फिलर करायचंच असेल तर बायोलॉजिकचा पुढचा डोस जवळ आला असताना तारीख घ्यावी का, एवढंच ऱ्हुमॅटॉलॉजिस्टशी ठरवा. बोटॉक्ससाठी बहुतेकदा तेही लागत नाही.

स्टेरॉइडचा मुद्दा वेगळा. प्रेडनिसोलोन बरेच महिने चालू असेल तर कातडी पातळ होते, सुई लागताच काळंनिळं पडतं, आणि चेहरा गोलसर सुजतो. त्या सुजलेल्या चेहऱ्यावर फिलरचं माप घेणं चुकीचंच ठरतं, कारण डोस उतरला की चेहरा बदलतो. डोस कमी होऊन काही महिने स्थिर राहू द्या, मग आरशात पुन्हा बघा. वेदनाशामक गोळ्या आणि अ‍ॅस्पिरिन यांनीही सुईच्या जागी जास्त काळंनिळं पडतं, मात्र हृदयासाठी दिलेलं अ‍ॅस्पिरिन परस्पर बंद करायचं नाही. एचसीक्यू वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत काळंनिळं पडलेल्या जागी निळसर-करडा डाग मागे राहू शकतो. सुईनंतर बर्फ लावणं त्यांनी मनावर घ्यावं.

मग कोणी काय करावं

आजार आटोक्यात, औषधं सहा महिने तीच, सध्या ताप-खोकला-फोड काही नाही, आणि फक्त आठ्यांचा त्रास: बोटॉक्स करायला हरकत नाही. घरचं लग्न असेल तर तीन-चार आठवडे आधी करा, म्हणजे परिणाम पुरता येतो आणि काही सुधारायचं असल्यास वेळ राहतो.

गाल बसलेत, ओठांभोवतीच्या रेषा खुपतात, आणि मेथोट्रेक्सेट किंवा एचसीक्यूवरच आहात: हायलुरोनिक अ‍ॅसिड, पहिल्या वेळी थोडंच, त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडून, समारंभाआधी दोन महिने हातात ठेवून. बायोलॉजिक किंवा टोफासिटिनिबवर असाल तर मी फिलरऐवजी बोटॉक्सवर समाधान मानेन. रिटुक्सिमॅब हे बायोलॉजिक घेणाऱ्यांच्या बी-पेशी (अँटिबॉडीची निर्मिती ज्यांच्यातून होते त्या पेशी) सहा महिने आणि त्याहून जास्त काळ खाली असतात, त्यांनी तारखेचा निर्णय पूर्णपणे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टवर सोपवावा.

सांधे सुजलेले, औषध नुकतंच बदललेलं, स्टेरॉइडचा डोस वर-खाली चाललेला, दाताचं काम अर्धवट किंवा मूल हवंय असं ठरवलेलं: यापैकी एक जरी असेल तर आत्ता कुठलीच सुई नको. आणि जाताना औषधांची यादी, डोससकट आणि शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलं त्यासकट, कागदावर लिहून न्या. फॉर्मवर जागा पुरली नाही तर तो कागद फॉर्मला जोडून द्या.