पहिली मोठी बाईक: १६०, ३५० की ४००?

बाईक घ्यायची ठरली की घरापासून शोरूमपर्यंत सगळे एकच विचारतात, ‘किती सीसीची?’ नवख्या माणसाला इंजिनच्या आकारमानाच्या या आकड्यातून फारसं काही कळत नाही, उलट फसगत होण्याचीच शक्यता जास्त. यामाहा आर१५ चं इंजिन १५५ सीसीचं, रॉयल एनफिल्ड क्लासिकचं ३४९ सीसीचं, म्हणजे दुपटीहून मोठं. पण ताकद पाहिली तर आर१५ ची सुमारे १८ अश्वशक्ती आणि क्लासिकची सुमारे २०. त्यात क्लासिकचं वजन १९५ किलो, आर१५ चं १४० च्या आसपास. किलोमागे ताकद मोजली तर छोटी गाडीच पुढे निघते. केटीएम ३९० ड्यूक मात्र क्लासिकपेक्षा जेमतेम ५० सीसीने मोठी, वजनाने १६८ किलो, आणि ताकद ४६ अश्वशक्ती! तेव्हा तुलना करताना ताकद, वजन आणि ती ताकद ॲक्सिलरेटरच्या मुठीच्या किती वळणावर हातात येते, या तीन गोष्टी पाहा.

आपल्याकडे हा विचार स्वतःच करावा लागतो, कारण कायदा तो करत नाही. वयाची १८ वर्षं पूर्ण झाली, गिअरच्या दुचाकीचं लायसन्स मिळालं की स्प्लेंडर चालवा नाहीतर हजार सीसीची गाडी, लायसन्स तेच. युरोपात याला पायऱ्या आहेत. पहिल्या परवान्यावर १२५ सीसी आणि ११ किलोवॉट, म्हणजे साधारण १५ अश्वशक्तीपर्यंतच. दुसऱ्यावर ३५ किलोवॉट, म्हणजे साधारण ४७. त्यावरच्या गाड्या आणखी पुढे. आपल्याकडे कॉलेजला जाणारी मुलं पहिली बाईक म्हणून जी ३९० ड्यूक मागतात, ती तिथल्या दुसऱ्या पायरीच्या अगदी टोकाला बसते.

गिअरची गाडी कधीच चालवली नसेल, तर स्प्लेंडर किंवा शाइनसारख्या गाडीवर हात बसवणं उत्तम. आठ ते अकरा अश्वशक्ती आणि एकशे दहा-पंधरा किलो वजन. क्लच चुकीचा सुटला तर गाडी बंद पडते, एवढंच. पण हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करायला किंवा डबलसीट घाट चढायला ती अपुरी पडते. शिवाय या वर्गात बहुतेकदा एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक फिरायचं थांबून घसरू न देणारी यंत्रणा, नसते. सीबीएस असतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो.

बहुतेकांना मी १५०-१६० चा वर्ग सुचवेन, म्हणजे पल्सर १५०, एफझी, अपाचे १६०. ताकद १२ ते १७ अश्वशक्ती, वजन दीडशे किलोच्या आत, आणि १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचं असल्यामुळे पावसाळ्यात पुढचं चाक लॉक होण्याची भीती बरीच कमी. पुण्याहून साताऱ्याला निघालात तर ८० च्या वेगाला गाडी दमत नाही. ओव्हरटेकसाठी एक गिअर खाली टाकावा लागतो, आणि तेच या गाडीचं देणं आहे: कुठल्या वेगाला कुठला गिअर, हे हाताला कळायला लागतं. आर१५ याच वर्गातली, पण तिची पूर्ण ताकद १०,००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), म्हणजे इंजिन खूप जोरात फिरवल्यावरच मिळते आणि बसताना अंगाचा भार मनगटांवर येतो. रोज सिग्नल-ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्याने ती घेऊ नये.

साडेतीनशेच्या क्लासिकबद्दल लोकांचा समज उलटा आहे. ‘जड आणि दमदार’ म्हणून नवखे तिला घाबरतात, पण इंजिन म्हणून ती फार समजूतदार आहे. २७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे गाडी ओढण्याचा जोर, ४,००० आरपीएमलाच मिळतो. मूठ थोडी जास्त पिळली गेली तरी गाडी अंगावर येत नाही. अडचण वजनाची, आणि तीही थांबताना. चढावरच्या पार्किंगमधून मागे घेताना, अरुंद रस्त्यावर यू-टर्न मारताना, खडीवर पाय टेकताना गाडी आडवी होते. उंची कमी असेल तर तेच इंजिन असलेली, १८१ किलोची हंटर पाहा.

चारशेच्या वर्गात ड्यूक आणि ट्रायम्फ स्पीड ४०० या दोन्ही बजाजच्याच चाकणच्या कारखान्यातून येतात, पण स्वभाव वेगळे. स्पीड ४०० ची ४० अश्वशक्ती सावकाश, सलग मिळते. ड्यूक मुठीला लगेच उत्तर देते. दुसऱ्या गिअरमध्ये खड्ड्यावर हात हलला तरी गाडी पुढे झेपावते, आणि हात मुरलेला नसेल तर माणूस घाबरून आणखी घट्ट धरतो. या गाड्यांवर १०० चा वेग कधी आला ते कळतही नाही. ६० ला एका सेकंदात आपण १७ मीटर जातो, १०० ला २८. हे फक्त ब्रेकवर पाय-बोट जाईपर्यंतचं अंतर. पुढे ब्रेकने थांबायला १०० ला पावणेतीन पट जागा लागते. ट्रॅक्शन कंट्रोल मागचं चाक घसरण्यापासून सावरतं, पण ताम्हिणी घाटाच्या वळणात तुम्ही जास्त वेगाने शिरलात तर तो वेग ते कमी करून देत नाही.

म्हणून चारशेकडे जाण्याआधी अनुभवाची वर्षं मोजू नका. शहरात दहा वर्षं ॲक्टिवा चालवलेल्याला क्लच आणि गिअरवर घाट उतरायची सवय नसते. रिकाम्या मैदानात ६० वरून प्रामुख्याने पुढच्या ब्रेकने गाडी सरळ थांबवता येते का? घाट उतरताना ब्रेक दाबून न ठेवता खालच्या गिअरवर गाडी आवरता येते का? पाय न टेकता यू-टर्न होतो का? पावसातही हे जमत असेल तर स्पीड ४०० घ्या. ड्यूक त्यानंतर, आणि पहिले काही महिने ताकद सौम्यपणे देणाऱ्या रेन मोडवर.

टेस्ट राइडला शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर समाधान मानू नका. गतिरोधक, गर्दीचा चौक आणि एक यू-टर्न असलेला रस्ता मागा. गाडी इंजिन बंद ठेवून चार पावलं मागे ढकलून बघा. रोज मागे जो बसणार आहे त्यालाही सोबत न्या, कारण साठ किलोचा माणूस मागे बसला की ब्रेक आणि तोल दोन्ही बदलतात.