पुरातत्त्व प्रयोगशाळा, ग्रामीण महाविद्यालय : भांडी चोख, लोखंड वाऱ्यावर

माहुरझरी, नायकुंडसारखी महापाषाणयुगीन (मोठ्या दगडांची दफनवर्तुळं रचणाऱ्या लोकांच्या काळातली) स्थळं असलेल्या विदर्भात अशी प्रयोगशाळा हवीच होती. मातीतून जळके दाणे पाण्यावर तरंगवून वेगळे करायची टाकी उत्तम आहे: खाली १ मिमीची जाळी, वरून वाहणाऱ्या पाण्याला ०.२५ मिमीची. आपली काळी माती मात्र चिकट. ढेकळं तशीच टाकली तर दाणे गोळ्यातच अडकून तळाशी जातात. इथे बादलीला मूठभर खायचा सोडा घालून अर्धा-एक तास भिजवतात, हाताने चुरत नाहीत, हेच बरोबर. दाणे सावलीत वाळवतात, उन्हात ते तडकतात.

काळ्या-तांबड्या खापरांची धुलाई, क्रमांक घालणं, नोंदवही, सगळं नीट.

लोखंडाची हेळसांड मात्र बघवत नाही. कुऱ्हाडी, छिन्न्या कागदात गुंडाळून उघड्या कपाटात! क्षार आत असले की पावसाळी दमटपणात पिवळट थेंब फुटतात आणि पापुद्रे सुटतात. घट्ट झाकणाचे डबे आणि ओलावा शोषणारी निळी सिलिका जेल एवढंच लागतं. ओलावा भरून ती गुलाबी झाली की भट्टीत १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येते. हा खर्च पहिल्या पावसाआधी व्हायलाच हवा.

पाचपैकी साडेतीन.