केळीच्या धंद्यावरचा आमचा पत्त्यांचा खेळ आणि प्रिंट ऑन डिमांड : वर्षभर वापरून झाल्यावर

आमचा खेळ केळीवर आहे. मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडाला लावायची) धरायची का कांदेबाग (पावसाळा सरताना लावायची), पानांवर करपा रोग आला तर काय, मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी झाली तर काय, आणि व्यापाऱ्याने भाव पाडला तर घड आज कापायचा का दोन दिवस थांबायचं. ५४ पत्ते, नियमांची पुस्तिका आणि डबी, एवढाच माल. जळगावात बसून छापायचा कुठे हाच प्रश्न होता, कारण ऑफसेटवाले (प्लेट बनवून एकदम मोठ्या संख्येने छापणारे) हजार प्रतींच्या खाली बोलायला तयार नव्हते आणि लग्नपत्रिकावाल्यांकडे कागद चांगला मिळतो पण पिसून पिसून टिकेल असं कोटिंग आणि कोपरे गोल करायची डाय नसते. म्हणून अमेरिकेतली एक प्रिंट ऑन डिमांड, म्हणजे ऑर्डर येईल तेवढ्याच प्रती छापून पाठवणारी, सर्व्हिस धरली (या कामात विस्कॉन्सिनमधलं द गेम क्राफ्टर २००९ पासून आहे, मी वापरतो ती वेगळी).

आधी चांगलं सांगतो. पत्ते इमेज म्हणून चढवायचे असतात, अडीच बाय साडेतीन इंचाचा पत्ता, चारी बाजूंनी एक अष्टमांश इंच ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), ३०० डीपीआयला ८२५ बाय ११२५ पिक्सेल. त्यामुळे देवनागरी फुटायचा प्रश्नच येत नाही. पुस्तिका मात्र पीडीएफ मागतात, तिथे मजकूर कर्व्ह करूनच (अक्षरांचे फॉन्ट न ठेवता आकार करून) द्या आणि पानं चारच्या पटीत ठेवा.

या सर्व्हिसची खरी किंमत कळली ती ऑगस्ट २०२५ मध्ये. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची ड्यूटीमाफी २९ तारखेपासून काढली, आपल्या पोस्टाने त्याआधीच २५ पासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं ते थेट ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. इथून माल पाठवणारे ओळखीचे लोक अडकून बसले आणि आमच्या न्यू जर्सी, टेक्सासच्या ऑर्डरी मात्र चालू राहिल्या, कारण प्रत छापली जाते तिथेच आणि निघतेही तिथूनच. खान्देशातून तिकडे गेलेली, पोरांना बाग म्हणजे काय ते दाखवायला हा खेळ घेणारी घरं आहेत, त्यांच्यापर्यंत पोचायचा याच्याइतका सरळ रस्ता मला दुसरा दिसत नाही.

आता त्रास. छपाई डिजिटल आहे आणि दर खेपेला रंग थोडा सरकतो. एरवी चाललं असतं, पण आमच्या खेळात हिरवा घड आणि पिवळा घड हाच मुळात डाव आहे. पिकायला लागलेला घड एका खेपेला इतका हिरवट आला की खेळणारे विचारायला लागले हा कच्चा का पिकला, म्हणून आता रंगासोबत कोपऱ्यात खूण टाकलीये, आणि ती तशीही हवीच कारण काही लोकांना हे दोन रंग वेगळे दिसतच नाहीत. याहून वाईट गोष्ट मागच्या बाजूची. वादळाचे जादा पत्ते नंतर वेगळे छापून घेतले, त्यांची पाठ मूळ पत्त्यांपेक्षा किंचित गडद आली, म्हणजे गड्डीत वादळ कुठे बसलंय ते लांबूनच कळतं, मग खेळात राहिलं काय? सर्व्हिसवाले म्हणतात एवढा फरक चालायचाच. पाठ साधी एकरंगी ठेवली तर फरक जास्त उठून दिसतो, बारीक नक्षीची ठेवली तर बराच लपतो, आणि कडेने चौकट आखूच नका, कटिंग केसभर सरकलं तरी वाकडं दिसतं.

टिकाऊपणा चांगला. मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हात पत्ते जरा वाकले, वजनाखाली ठेवल्यावर सरळ झाले. यूव्ही कोटिंग घ्याच, भरीत-भाकरी खाऊन लगेच खेळायला बसणाऱ्या घरांत त्याशिवाय निभाव नाही.

दुकानांसाठी मात्र हे नाहीच. ऑफसेटला हजार प्रती छापल्या तर एका प्रतीला जो खर्च पडतो, त्याच्या तिपटीच्या वर इथे एका प्रतीचा खर्च जातो, आणि दुकानदाराला माल छापील किमतीच्या निम्म्यात, डिस्ट्रिब्युटरला तर साधारण ४० टक्क्यांत द्यावा लागतो, म्हणजे आपल्याला काहीच उरत नाही. शिवाय तिथे छापून इथे मागवायचं तर भाडं आणि ड्यूटी वेगळीच. कोणी सांगत असेल की एकाच सर्व्हिसवर छपाई आणि वितरण दोन्ही भागतं तर त्यांना दुकानाचं गणित मांडून दाखवायला सांगा.

म्हणून पुढची खेप दोन ठिकाणी. रंग, खुणा, नियम सगळं प्रिंट ऑन डिमांडच्या प्रतींवर खेळून पक्कं झालंय, तीच फाइल सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) करून ऑफसेटला देतोय, जादा पत्त्यांसकट एकाच शीटवर, म्हणजे पाठीचा रंग एकच येईल. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दुकानांत ती खेप जाईल, परदेशातल्या ऑर्डरी आहेत तिथूनच निघतील.