मांडवीची सेंट्रल लायब्ररी, आठवीतल्या मुलीसोबत

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी 35 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्हा बडोदेकरांच्या मोबाइलवर मगरींच्या व्हिडिओंचा रतीब सुरू होता. माझ्या लेकीने त्यातल्याच एकावर शाळेच्या प्रोजेक्टचं पहिलं पान लिहिलं : गल्लीतल्या पाण्यात पोहणारी मगर, वर मजकूर ‘आजच सकाळी’. अभ्यासाच्या ॲपचे आम्ही वर्षाचे पैसे भरलेत. त्याला विचारलं तर मगरीची चार ओळींत माहिती आणि लगेच क्विझ. व्हिडिओ कधीचा, याबद्दल अवाक्षर नाही. फार वाईट वाटलं.

पूर ओसरल्यावर तिला सेंट्रल लायब्ररीत नेलं. काउंटरवर ऑगस्ट 2019 चे पेपरचे जुने अंक मागितले, कारण तोही पूर मी पाहिलाय. बाइंडिंग केलेला जाडजूड गठ्ठा आला, कडा पिवळ्या पडलेल्या. तिसऱ्या-चौथ्या पानावर तीच गल्ली, तीच निळी ताडपत्री टाकलेली बाल्कनी! लेक बोट ठेवून बघतच राहिली. मग तिने आपणहून दुसऱ्या पेपरचा गठ्ठा मागवला. दोन्हींत पावसाचा आकडा वेगळा. ‘आई, मग खरं कुठलं?’ मी म्हटलं, कुणी मोजला ते लिहिलंय का, बघ. एवढ्यावर आमचे दोन तास गेले आणि मला ते वर्षाच्या वर्गणीहून मोलाचे वाटतात.

सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये बडोदा राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सुटल्यावर वाचायलाच काही नसेल तर शिकलेली अक्षरंही पुसली जातात, म्हणून 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून त्यांनी या लायब्ररीसह ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. पेट्यांत भरून पुस्तकं गावोगाव जात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं, सिनेमा दाखवणारी शाखासुद्धा होती. शाळेचं शिक्षण आणि बाहेरून येणारी माहिती एकमेकींना धरूनच चालली पाहिजे, हे महाराजांनी तेव्हाच ओळखलं होतं. आज आपण मुलांच्या हाती फोन देतो आणि तो वाचायचा कसा, हे शिकवायचं राहून जातं.

मुलांना जरूर न्या. घाईच्या दिवशी नको, सोबत वही असू द्या, आणि कुठल्या वर्षाचा अंक हवा ते आधी ठरवून जा.

लेकीने प्रोजेक्टचं पहिलं पान फाडलं नाही. त्याखाली लाल पेनाने लिहिलं : ‘हा व्हिडिओ 2019 चा आहे’, आणि पेपरचं नाव, तारीख, पान क्रमांक.