जेनव्हॅक लस आणि ती देणारे केंद्र: एका पुणेकर पालकाचा अभिप्राय

जपानी मेंदूज्वरावरील ‘जेनव्हॅक’ ही लस आम्ही मुलीला औंधमधील एका खासगी लसीकरण केंद्रात टोचून घेतली. लसीबद्दल माझे मत पूर्णपणे अनुकूल आहे. केंद्राबद्दल तितकेसे नाही.

लसीचे मोल ठरवायचे, तर हा विषाणू मेंदूत काय करतो ते आधी पाहावे लागते. भातखाचरांत वाढणारे क्युलेक्स डास डुकरांकडून आणि बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांकडून विषाणू घेतात व चावताना तो माणसाच्या शरीरात सोडतात. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सुमारे २५० संसर्गांपैकी एखाद्यातच आजार गंभीर होतो. मात्र विषाणू रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर ओलांडून गेला, की त्याच्या कवचावरील प्रथिन चेतापेशीला चिकटते, पेशीच त्याला आत ओढून घेते आणि आतील आम्लतेमुळे कवच उघडून विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय आराखडा, मोकळा होतो. मग पेशीची प्रथिने घडवणारी यंत्रणा विषाणूच्या प्रती काढण्यास जुंपली जाते आणि हा ताण असह्य झाला, की पेशी स्वतःलाच संपवते. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. मायक्रोग्लिया या मेंदूतील संरक्षक पेशी खवळून दाहकारक रसायने सोडतात आणि त्यांपायी संसर्ग न झालेल्या शेजारच्या चेतापेशीही मरतात. मेंदूच्या मध्यभागी असलेला थॅलॅमस या आजारात बहुतेकदा बाधित होतो. एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या थॅलॅमसमध्ये बदल दिसले, की डॉक्टर जपानी मेंदूज्वराचा विचार करतात तो यामुळेच. हालचालींचे नियमन करणारी केंद्रेही बाधित होत असल्याने वाचलेल्या काही रुग्णांत कंप आणि ताठरपणा मागे राहतो. मेंदूज्वरापर्यंत आजार गेलेल्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत असू शकते आणि विषाणूला थेट आवरणारे औषध आजही उपलब्ध नाही.

लस विषाणूला रक्तातच गाठणारी प्रतिपिंडे आधीपासून तयार ठेवते, म्हणून तिचे महत्त्व. जेनव्हॅक हैदराबादच्या भारत बायोटेकने २०१३ मध्ये बाजारात आणली. तिच्यासाठी वापरलेला विषाणू कर्नाटकातील कोलार येथील साथीत मिळालेला असून तो आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने पुरवला. पूर्वी कसौलीला तयार होणारी लस उंदरांच्या मेंदूपासून बनवली जात असे. ही लस व्हेरो पेशींवर (माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवून प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींवर) वाढवलेल्या आणि निष्क्रिय केलेल्या विषाणूची आहे, त्यामुळे तो प्रकार यात नाही. मुलीचा दंड दिवसभर दुखला आणि रात्री अंग किंचित कोमट लागले, याव्यतिरिक्त काही झाले नाही.

केंद्राची जमेची बाजू म्हणजे शिस्त. कुपी आमच्यासमोर शीतकपाटातून काढली, कपाटावरील तापमापकाचा आकडा दोन ते आठ अंशांच्या दरम्यान असल्याचे परिचारिकेने आपणहून दाखवले, मुदतीची तारीख वाचायला दिली आणि लस टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवले. खटकली ती भिंतीवरची जाहिरात. ‘मेंदूज्वरापासून संपूर्ण संरक्षण’ असे तीत ठळक छापले होते. मेंदूज्वर नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणूमुळे होतो, वाळूमाशीतून पसरणाऱ्या चंडीपुरा विषाणूमुळेही होतो आणि त्यांपैकी कशावरही ही लस चालत नाही. तसे स्वागतकक्षात सांगितले, तेव्हा “अहो, लोकांना एवढं खोलात कशाला सांगायचं?” असे उत्तर मिळाले. पैसे घेऊन लस देणाऱ्याने खोलात शिरलेच पाहिजे, निदान सरकारी मोहिमेत मुलाला हीच लस आधी मिळाली आहे का, एवढे तरी विचारले पाहिजे. आम्हाला ते कोणीही विचारले नाही.

दुसऱ्या मात्रेसाठी आम्ही तिथेच गेलो, कारण लस थंड राखण्याची त्यांची व्यवस्था विश्वासार्ह आहे. लसीचा बॅच क्रमांक मात्र कार्डावर आपणच सांगून लिहून घ्यावा लागतो.