राणीची बाग की एम्प्रेस गार्डन? फुलांचं एकच प्रदर्शन बघायचं असेल तर

ठाण्याच्या मावशीचा फोन आला. "अगं, तुला झाडाफुलांचं कळतं, तर सांग. यंदा फुलांचं एकच प्रदर्शन बघणं जमणार आहे. राणीच्या बागेत जाऊ की पुण्याला एम्प्रेस गार्डनला? गुडघे फार चालू देत नाहीत आणि बरोबर सात वर्षांचा नातू असेल." हा प्रश्न दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून तिला सांगितलं ते इथे जरा ऐसपैस लिहिते.

आधी तारखा. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन २६ जानेवारीला धरून चार-पाच दिवस असतं. मुंबई महापालिकेचं राणीच्या बागेतलं प्रदर्शन तीनच दिवसांचं, शुक्रवार ते रविवार, जानेवारी संपता संपता किंवा फेब्रुवारी लागता लागता. ही वेळ ठरते ती थंडीमुळे. पिटुनिया, फ्लॉक्स, डालिया, शेवंती ही सगळी हिवाळ्याची फुलं याच सुमाराला भरात असतात. मात्र पुण्याची रात्र मुंबईपेक्षा बरीच गार असते आणि गुलाबाला तो गारवा मानवतो. कळी सावकाश उमलते, रंग गडद उतरतो. नुसता गुलाब बघायचा असेल तर प्रश्नच नाही, पुण्याची गाडी पकडावी.

पण खरा फरक प्रदर्शनाच्या स्वभावात आहे. राणीच्या बागेत दरवर्षी एखादा विषय घेतात आणि त्यावर फुलांच्या मोठमोठ्या प्रतिकृती उभ्या करतात. हजारो कुंड्या, रंगांचे पट्टे, त्यांच्यासमोर फोटो काढणारी कुटुंबं. प्रदर्शनाला तिकीट नसतं, त्यामुळे परळ-भायखळ्याच्या चाळीतल्या आज्या नातवंडांना घेऊन सहज येतात, आणि ते बघायला मला फार आवडतं.

एम्प्रेसचं प्रदर्शन मुळात स्पर्धा आहे. ३९ एकरांची ही बाग ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया चालवते. तिथे सजावट असतेच, शिवाय बोन्साय, पुष्परचना, भाज्या, मुलांची चित्रकला, असं पुष्कळ काही असतं. पण माझा पाय निघत नाही तो स्पर्धेच्या टेबलांपाशी. एका बाटलीत एकच गुलाब, खाली चिठ्ठी. मागे एकदा लागूनच ठेवलेले दोन लाल गुलाब बघत उभी होते. मला दोन्ही सारखेच वाटत होते. शेजारच्या काकांनी दाखवलं: बक्षीस मिळालेल्याचा मधला शेंडा उंच आणि मधोमध होता, फूल पाऊणच उमललेलं, पानांवर एक ठिपका नाही. दुसऱ्याचा शेंडा किंचित कललेला. छाटणी कधी केली, खत कधी थांबवलं, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. घरी येऊन माझ्या गच्चीवरच्या चार कुंड्यांकडे मी वेगळ्याच नजरेनं पाहिलं. ज्याला स्वतः झाडं लावायची आहेत त्यानं एम्प्रेसलाच जावं, असं मी म्हणते ते यासाठी.

मग मावशीला राणीची बाग का सुचवली? एक तर प्रवास. ठाण्याहून लोकलनं भायखळ्याला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं, बाग हाकेच्या अंतरावर. पुण्याला जायचं तर जाऊन-येऊन अख्खा दिवस, स्टेशनवरून रेसकोर्सकडे रिक्षा, आणि मग बागेतलं चालणं. दुसरं कारण नातू. हम्बोल्ट पेंग्विन बघितल्याशिवाय तो हलणार नाही. त्यासाठी प्राणिसंग्रहालयाचं तिकीट लागेल, पण ते जड नाही.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. मांडव तीन दिवसांनी उतरतो, पण मागची झाडं तेव्हापासूनचा वारसा सांगत उभी आहेत. प्रदर्शनाला आलेली बहुतेक माणसं त्यांच्याकडे मान वर करूनही बघत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. भल्याथोरल्या बुंध्याची गोरखचिंच आहे. खोडालाच फुलं आणि तोफगोळ्यासारखी फळं धरणारा कैलासपती आहे. आणि उर्वशी! मूळची ब्रह्मदेशातली, आपल्याकडे विरळाच दिसणारी. हिवाळ्यात तिला फुलांचे लांब झुंबरासारखे घोस लोंबतात, लालभडक, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. कोवळी पानं फुटतात तीसुद्धा मलूल, तांबूस, ओल्या रुमालासारखी खाली लोंबणारी. झाड सुकलंय की काय असं वाटतं, पण काही दिवसांत तीच पानं हिरवी होऊन ताठ होतात. २००७ च्या सुमारास नूतनीकरणाचा आराखडा आला तेव्हा ही झाडं वाचावीत म्हणून मुंबईकरांनी चिकाटीनं लढा दिला. त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

एम्प्रेसमध्येही जुनी झाडं आणि त्यांवर चढलेल्या अजस्र वेली आहेत. माणसाच्या मांडीएवढी जाड वेल मी पहिल्यांदा तिथेच पाहिली. दुर्मीळ वृक्ष एका फेरीत बघायचे असतील तर मात्र माझं मत भायखळ्याला.

बंगळुरूला कुणी नातेवाईक असतील तर लालबागही लक्षात ठेवा. २४० एकर, मध्यभागी जुनं काचघर, आणि प्रदर्शन वर्षातून दोनदा, प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला. जानेवारी हुकली तर ऑगस्ट आहे. आपल्याकडे ऑगस्टमध्ये असा थाट नसतो.

मावशीला दोन गोष्टी बजावल्या. रविवारी संध्याकाळी अजिबात जायचं नाही, त्या गर्दीत फूल दिसत नाही, डोकी दिसतात. शुक्रवारी सकाळी दार उघडताना पोचायचं. आणि मांडवात शिरण्याआधी, पाय ताजे असताना, तिथल्या एखाद्या माळीदादाला विचारायचं, "उर्वशी कुठे आहे हो?"