सीबीएसजवळचं टायपिंगचं दुकान: तीन तारे, आणि 307 चं 370

दुकानाला नाव नाही. नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकावर उतरून जिल्हा कोर्टाकडे चालत निघालं की गल्लीत एक शटर दिसतं. त्यावर पिवळ्या रंगात ‘टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन’ एवढंच लिहिलंय. आत दोन कॉम्प्युटर, एक काका आणि भिंतीला टेकलेले लेजर पेपरचे गठ्ठे. बसायला एकच स्टूल, त्याचाही एक पाय आखूड.

मी सातपूरला पोळी-भाजी केंद्र चालवते. माझा धाकटा भाऊ नाशिकरोडच्या जेलमध्ये आहे. जुन्या आयपीसीचं कलम 307, म्हणजे खुनाचा प्रयत्न, शिक्षा सात वर्षं. आधीच्या वकिलांनी फी घेतली, ‘अपील टाकतो’ म्हणाले आणि पाच महिने फोन उचलला नाही. मग एक ओळखीचा भेटला. म्हणाला, ‘हेबियस टाका, आठ दिवसांत बाहेर.’ चाळीस हजार सांगितले. माझ्या पोरानंही तेच डोक्यात घेतलं होतं. रात्रभर मोबाईलवर अमेरिकेतल्या केसेस बघायचा. तिकडे म्हणे राज्याच्या कोर्टानं शिक्षा दिलेला कैदीसुद्धा फेडरल कोर्टात हेबियस टाकतो. त्यानंच मसुदा लिहिला, सहा पानं. तो टाईप करायला आम्ही या दुकानात गेलो.

काकांनी पहिलं पान वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला. ‘ताई, मी वकील नाही, पण हे टाईप करून तुमचे पैसे घेणं मला जमणार नाही.’

मग समजावलं. हेबियस म्हणजे माणसाला बेकायदा डांबलंय, त्याला समोर आणा. पोलिसांनी उचललं आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलंच नाही, किंवा पोरगी कुणी घरात कोंडून ठेवलीय, तर हायकोर्टात घटनेच्या कलम 226 खाली हे टाकतात. ‘तुमचा भाऊ सेशन कोर्टाच्या वॉरंटवर आत आहे. कोर्टाला अधिकारच नव्हता असं काही असेल तर गोष्ट वेगळी. शिक्षा चुकीची वाटते, तर रस्ता अपिलाचा.’

पोरगा हटेना. अमेरिका, अमेरिका. काकांनी विचारलं, ‘तिकडे थेट टाकता येतं का?’ पोरानंच सांगितलं, नाही, आधी राज्यातली अपिलं संपवावी लागतात, शिवाय 1996 च्या कायद्यानं एक वर्षाची मुदत घातलीय. काका म्हणाले, ‘मग तेही आधी अपीलच करतात की!’ पोरगा गप्प. घरात मला हे कधी जमलेलं नाही.

सेशनच्या शिक्षेवर हायकोर्टात अपिलाची मुदत 60 दिवस. आमची कधीच उलटून गेली होती. काका म्हणाले, उशीर माफ करायचा अर्ज सोबत जोडतात, कारण खरं लिहा. आणि पुढे विचारलं, ‘जजमेंटची फुकट प्रत भावाला मिळालीय ना?’ मला काय माहीत! पुढच्या मुलाखतीला विचारलं, तर ती पहिल्या दिवसापासून त्याच्या पिशवीत होती. कुणी मागितलीच नव्हती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात लागली. मी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढायला तीन फेऱ्या मारल्या होत्या. सरकारी वकील फुकट मिळतो तो गरिबालाच, अशी माझी समजूत. काका म्हणाले, माणूस कोठडीत असेल तर 1987 च्या विधी सेवा कायद्यात उत्पन्न बघत नाहीत. माझ्या तीन दिवसांच्या पोळ्या गेल्या त्या गेल्या. त्यांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या नावानं साधा दीड पानी अर्ज टाईप करून दिला. ऐंशी रुपये. झेरॉक्सचे वेगळे.

आता तक्रारी. पावती देत नाहीत. दुपारी दोन ते तीन शटर अर्धं खाली, कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीच्या सुमारालाच यांचीही, आणि आपल्याला नेमका तेव्हाच वेळ मिळतो. आणि पहिल्या प्रतीत 307 चं 370 केलं. मला आकड्याचं काय कळतंय, पोरानं पकडलं. 370 म्हणजे माणसांची खरेदी-विक्री! भावावर नवाच गुन्हा चढवला असता. काका ओशाळले, पान बदलून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. पण सहीपूर्वी प्रत्येक आकडा स्वतः वाचा, हे आपलं माझं सांगणं.

एक तारा 370 चा कापला, एक पावतीचा. दुपारच्या शटरचा कापत नाही, माणसाला जेवायला लागतं.

मुंबईच्या वकीलबाई विधी सेवेतूनच मिळाल्या. उशीर माफ झाला, अपील दाखल करून घेतलंय. शिक्षा स्थगितीच्या अर्जाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचंय, म्हणून आदल्या दिवशीच काकांकडून सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून घेणार. दीडच्या आत.